निरोगी घशाची जमाबंदी

इ. स. १८८४ मध्ये फ्रीड्रिख लॉफ्लर या जर्मन जंतुशास्त्रज्ञाने घटसर्पाचा जंतू शुद्ध स्वरूपात वाढवून दाखविला, तेव्हा आपल्या शोधाचा डांगोरा पिटण्याऐवजी त्याने स्वतःच्याच निष्कर्षापुढे एक प्रश्नचिन्ह ठेवले. कारण ज्या जंतूमुळे मुलांचे गळे आवळले जातात अशी त्याची खात्री होत आली होती, तोच जंतू त्यास एका ठणठणीत मुलाच्या घशातही आढळला होता. रोग आहे तेथे जंतू असावा आणि जंतू आहे तेथे रोग असावा, असा त्या काळच्या नव्या शास्त्राचा सरळ हिशेब होता, आणि एका निरोगी बालकाने, काहीही न करता, नुसते तोंड उघडून तो हिशेब चुकविला. लॉफ्लरची ती शंका प्रामाणिक होती आणि पुढे ती फलदायीही ठरली. रोगाचे जंतू अंगावर बाळगून स्वतः मात्र सुखाने हिंडणाऱ्या माणसांचा जो एक मोठा वर्ग जगात आहे, आणि ज्यास आज आपण 'वाहक' म्हणतो, त्याची शास्त्राच्या दप्तरी पडलेली ही एक अगदी आरंभीची नोंद होय.

वाहक या शब्दाभोवती एक अप्रिय वलय आहे, हे खरे. न्यूयॉर्कमधील मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण आपल्या हातच्या जेवणातून विषमज्वर पसरविते असे १९०७ मध्ये उघडकीस आले, आणि त्यानंतरचे तिचे बहुतेक आयुष्य, मध्यंतरीची पाच वर्षे सोडल्यास, एका बेटावर सरकारी बंदोबस्तात गेले. मला ज्या वाहकांविषयी लिहावयाचे आहे ते तसे नव्हेत. ते आपल्याच घरात आहेत, दप्तर पाठीवर टाकून सकाळी शाळेत जातात, डब्यातली पोळीभाजी अर्धी परत आणतात, आणि त्यांना कसलाही आजार नाही.

घसा दुखण्यास कारण होणाऱ्या जिवाणूंमध्ये अग्रमान ज्याचा, तो अ-गटातील स्ट्रेप्टोकॉकस. सूक्ष्मदर्शकाखाली तो मण्यांच्या माळेसारखा दिसतो, म्हणून बिलरोथ या शल्यविशारदाने १८७४ मध्ये ग्रीक शब्दांवरून त्या कुलास हे नाव दिले, आणि रिबेका लॅन्सफील्ड या विदुषीने १९३३ मध्ये त्या कुलाचे गट पाडून अ, ब, क अशी त्याची व्यवस्थित वतनवारी लावून दिली. हा जिवाणू घसा धरतो, ताप आणतो, आणि क्वचित, घसा बरा झाल्यावर दोनतीन आठवड्यांनी, संधिवाताच्या तापाचे रूप घेऊन मुलाच्या हृदयाच्या झडपांस कायमचे जायबंदी करतो. परंतु हाच जिवाणू निरोगी मुलांच्या घशातही बिऱ्हाड करून असतो. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून २०१० मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात घशाची कोणतीही तक्रार नसलेल्या मुलांपैकी सुमारे १२ टक्के मुलांच्या घशात तो सापडला. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात, सरासरीने पाहू गेल्यास, सहा मुले. या सहा मुलांपासून इतरांना फारसा उपद्रव पोहोचत नाही, आणि त्यांच्या स्वतःच्या हृदयासही धोका नगण्य असतो. म्हणूनच अशा वाहक मुलास, घरात कोणास संधिवाताचा ताप येऊन गेला असल्यासारखे विशेष कारण नसेल तर, औषध देऊ नये असा वैद्यकाचा शिरस्ता आहे.

मग ज्यांना औषध द्यावयाचे नाही आणि ज्यांच्यापासून भयही नाही, त्यांची चर्चा वर्तमानपत्राच्या रकान्यात कशासाठी करावयाची, असा प्रश्न वाचकाने विचारला तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर घशात नाही. ते औषधाच्या दुकानात आहे.

पावसाळ्यातील एका संध्याकाळी मी आमच्या पेठेतील औषधाच्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या घेण्यास उभा होतो. पुढे एक आई होती, कडेवर सहाएक वर्षांचा, नाक वाहणारा, पण डोळ्यांत भरपूर खोडकरपणा असलेला मुलगा. "दादा, मागच्या वेळी दिलं होतं ना, पाणी घालून हलवायचं, केळ्याच्या वासाचं, तेच द्या. सर्दी झाली की याचा घसा धरतो." दुकानदाराने, "ताई, तीन दिवस द्या, बंद करू नका," एवढा वैद्यकीय सल्ला फुकट देऊन बाटली पुढे सरकविली. चिठ्ठी मागितली गेली नाही, आणि कोणी दाखविलीही नाही. त्या आईचा मला राग आला नाही, आणि आजही येत नाही. डॉक्टरकडे जावे तर दोन तासांची रांग आणि शंभरदोनशेची फी, दुसऱ्या दिवशी मुलाची शाळा आणि स्वतःचे काम, या सर्वांचा हिशेब तिने माझ्यापेक्षा पुष्कळ अचूक केला होता. त्या हिशेबात एक रकम तेवढी धरलेली नव्हती, आणि ती तिला कोणी सांगितलेलीही नव्हती.

ती रकम समजावयाची तर १९२८ या वर्षाकडे जावे लागते. त्या वर्षी लंडनमध्ये दोन शोध लागले. एक सर्वांस पाठ आहे: सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या बशीत बुरशी पडली आणि तिच्याभोवतीचे जंतू विरघळले. दुसरा शोध फ्रेडरिक ग्रिफिथ नावाच्या एका अबोल सरकारी जंतुशास्त्रज्ञाचा. फुप्फुसदाह करणारा न्यूमोकॉकस हा जिवाणू दोन रूपांत आढळतो, एक जहाल आणि एक मवाळ. ग्रिफिथने उष्णतेने ठार केलेले जहाल जिवाणू आणि जिवंत मवाळ जिवाणू एकत्र करून उंदरांस टोचले, तेव्हा उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात जहाल जिवाणू जिवंत सापडले. मेलेल्यांनी आपला गुण जिवंतांच्या हवाली केला होता. हा गुण ज्या पदार्थातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो तो डीएनए होय, हे १९४४ मध्ये ॲव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले, आणि तेथून आनुवंशशास्त्राचे नवे युग सुरू झाले; ग्रिफिथ मात्र ते पाहण्यास उरला नव्हता, १९४१ मध्ये लंडनवरील बाँबवर्षावात तो मारला गेला. एका हाताने निसर्गाने माणसास जंतूंविरुद्ध शस्त्र दिले आणि त्याच वर्षी, त्याच शहरात, जंतूंपाशी हत्यारे उसनी घेण्याची कोणती रीत आहे तेही दाखवून ठेवले. पहिल्या शोधाचा आपण उत्सव केला. दुसरा ग्रंथालयात राहिला.

माणसाचा घसा हे या उसनवारीचे मोठे ठिकाण आहे. तेथे रोगकारक जिवाणू थोडे आणि निरुपद्रवी स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जिवाणू कोट्यवधी असतात. हे गरीब बिचारे कोणास त्रास देत नाहीत, दातांवर, जिभेवर, घशाच्या पडद्यावर पिढ्यान्‌पिढ्या नांदतात, आणि म्हणून त्यांची नोंद कोणी घेत नाही. परंतु सर्दीसाठी दिलेले प्रतिजैविक सर्दीच्या विषाणूस स्पर्शही न करता या निरुपद्रवी वस्तीवर जाऊन पडते. जे दुर्बळ ते मरतात, ज्यांच्यापाशी औषध परतविण्याची युक्ती असते ते उरतात, मोकळ्या झालेल्या जागेत पसरतात, आणि पुढे कधी खरा रोगकारक जिवाणू त्या घशात उतरला तर त्यास ती युक्ती घरबसल्या मिळू शकते. न्यूमोकॉकसला पेनिसिलिनचा रोध अशाच शेजाऱ्यांकडून, तुकड्यातुकड्याने, गोधडीसारखा जोडून मिळालेला आहे, हे त्याच्या जनुकांच्या वाचनावरून दिसून आले आहे.

हे घडण्यास किती औषध लागते? बेल्जियममधील संशोधकांनी २०० हून अधिक निरोगी माणसांस, कसलाही आजार नसता, ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन अथवा औषधहीन गोळी दिली, आणि त्यांच्या घशातील निरुपद्रवी स्ट्रेप्टोकॉकसांची वारंवार मोजदाद केली. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात आले. औषध घेतलेल्यांच्या घशातील प्रतिरोधी जिवाणूंचे प्रमाण काही दिवसांतच सुमारे पन्नास टक्क्यांनी वाढले होते, आणि सहा महिने, म्हणजे १८० दिवस, उलटून गेल्यावरही ते औषधहीन गोळी घेणाऱ्यांच्या पातळीवर उतरलेले नव्हते. औषध तीन दिवसांचे, आणि त्याची शिल्लक सहा महिन्यांची! ॲझिथ्रोमायसिन तीन दिवसांत संपते ही त्याची सोय आहे, पण ते संपते ते बाटलीतून. शरीराच्या पेशींत ते साठून राहते, दर सुमारे अडुसष्ट तासांनी निम्मे होत होत हळूहळू ओसरते, आणि जंतू मारण्यास अपुऱ्या पण जंतूंस शहाणे करण्यास पुरेशा अशा मात्रेत कित्येक दिवस रेंगाळते. केळ्याच्या वासाच्या त्या बाटलीच्या हिशेबात न धरलेली रकम ती ही.

आता शाळेकडे वळू. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात एका शाळेतील १०० मुलांच्या घशाचे नमुने ऑक्टोबर २००० ते मे २००१ या काळात महिन्यातून दोनदा, आणि कोणी आजारी पडल्यास त्याहून अधिक वेळा, घेण्यात आले. एकूण १,७९४ नमुने जमले. त्यांपैकी ३१८ नमुन्यांत, ६० मुलांच्या घशांत, अ-गटातील स्ट्रेप्टोकॉकस सापडला. आणि त्यातील १५३, म्हणजे ४८ टक्के, एरिथ्रोमायसिनला दाद देईनात. एरिथ्रोमायसिन हे ॲझिथ्रोमायसिनचे थोरले भावंड. एकास दाद न देणारा जंतू सहसा दुसऱ्यासही देत नाही. बारकाईने तपासता हे सर्व प्रतिरोधी जंतू एकाच वंशाचे निघाले, एकच बीज वर्गावर्गांतून फिरले होते. त्या वसंतात शहरातील इतर रुग्णांचे १०० नमुने सहज निवडून पाहिले तर त्यांतही ३८ प्रतिरोधी निघाले. शाळेतली गोष्ट शाळेत राहिलेली नव्हती. मला या अभ्यासात आकड्यांपेक्षाही त्याची चिकाटी आवडते. आजारी मुलांची वाट न पाहता, पंधरवड्यामागून पंधरवडा, खेळत्या मुलांचे घसे कोणी पाहत राहिले म्हणून हे समजले. रुग्णालयाच्या नोंदवह्यांवर विसंबून राहिले असते तर डॉक्टरांस आपले औषध लागू का पडत नाही हेच काही काळ कळले नसते.

येथे एक विचित्र आणि, मला वाटते, आशादायक वस्तुस्थिती नोंदविली पाहिजे. फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना जे व्याख्यान दिले, त्यात त्यांनी एका कल्पित गृहस्थाची कथा सांगितली: त्याचा घसा दुखतो, तो स्वतःच पेनिसिलिन आणून अपुरे घेतो, त्याच्या घशातील स्ट्रेप्टोकॉकस मरण्याऐवजी औषधास निर्ढावतात, आणि तेच जंतू बायकोस जडून तिचा घात होतो. इशारा मोलाचा होता, आणि इतर कितीतरी जंतूंच्या बाबतीत तो शब्दशः खरा ठरला. परंतु दैवाची गंमत अशी की, ज्या जंतूचे उदाहरण त्यांनी घेतले तो अ-गटातील स्ट्रेप्टोकॉकसच, आज आठ दशके उलटली तरी, रुग्णांमध्ये पेनिसिलिनपुढे मान तुकवून आहे. संवेदनशीलता किंचित घटलेले काही वंश अलीकडे आढळले आहेत, म्हणून डोळ्यांत तेल घालून राहणे अवश्य आहे, पण पेनिसिलिन अद्याप चालते. ज्या औषधास हा जंतू पुष्कळदा दाद देत नाही ते ॲझिथ्रोमायसिनसारखे महागडे, नवे, सोयीचे औषध. आणि ज्यास तो आजही शरण जातो ते जुने, स्वस्त औषध, जे १९५५ पासून आपल्याच पिंपरीत, आदल्या वर्षी स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने तयार होऊ लागले. एके काळी त्या कारखान्याची पाटी पाहून पुणेकरांस अभिमान वाटे. आज त्याच परिसरातील दुकानांत घसा दुखतो म्हटल्यावर पेनिसिलिनच्या कुळातील साधी अमॉक्सिसिलिनही पुष्कळदा मागे राहते आणि तीन गोळ्यांची पट्टी पुढे येते. आणि पेनिसिलिनचे इंजेक्शन तर तीव्र ॲलर्जीच्या भयाने कित्येक डॉक्टरांनी मनातूनच काढून टाकले आहे.

हे केवळ माझे दुकानी निरीक्षण नव्हे. भारतातील खासगी बाजारात २०१९ मध्ये विकल्या गेलेल्या प्रतिजैविकांचा जो हिशेब २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पहिला क्रमांक ॲझिथ्रोमायसिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा होता आणि दुसरा सेफिक्झिमच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे तीन वर्ग केले, सढळ वापरावयाची, जपून वापरावयाची, आणि अखेरच्या प्रसंगासाठी राखून ठेवावयाची; आपली ही दोन्ही लाडकी औषधे मधल्या, जपून वापरावयाच्या वर्गात मोडतात. कायद्याचा प्रकार तर याहून मनोरंजक आहे. मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ अंमलात आली, तिच्यातील औषधे विकताना रुग्णाचे, डॉक्टरचे आणि औषधाचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवण्याचे फर्मान दुकानदारास मिळाले. त्या यादीत ४६ नावे होती, सेफिक्झिम होते, आणि ॲझिथ्रोमायसिन नव्हते. चिठ्ठीवाचून ते विकणे आजही बेकायदा आहे, पण त्या वेगळ्या वहीत त्याची नोंद ठेवण्याचे बंधन नाही. ज्या मालाची उलाढाल सर्वांत मोठी त्याच्यापुरती खतावणी कोरी, अशी ही जमाबंदी. हे औषध त्या यादीत घालावे आणि अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांनी ती वही खरोखर उघडून पाहावी, ही मागणी मला इतकी साधी वाटते की, ती करण्यास लेख लिहावा लागतो याचेच नवल वाटते.

मात्र दोष सगळा दुकानदाराच्या माथी मारून चालणार नाही. डॉक्टर घाई करतात, आणि त्या घाईमागे एक जुने, खरे भय आहे: घशात स्ट्रेप्टोकॉकस असला आणि औषध चुकले, तर मुलाच्या हृदयाचे काय? ज्याने ऐन विशीतल्या मुलीस, मायट्रल झडप आवळल्यामुळे, जिना चढताना धापा टाकताना पाहिले आहे, त्याने हे भय बाळगणे योग्यच आहे. परंतु या भयाचे उत्तरही ज्यांनी ते निर्माण होण्यास शास्त्रीय आधार दिला त्यांनीच देऊन ठेवले आहे. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात फोर्ट वॉरन या हवाई दलाच्या तळावर डेनी, वॅनामेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या सुमारास शेकडो तरुण सैनिकांवर प्रयोग करून दाखविले की, पेनिसिलिनने संधिवाताचा ताप टळतो. आणि त्याच तळावरील कामातून हेही समजले की, घसा दुखू लागल्यापासून नवव्या दिवसापर्यंत औषध सुरू केले तरी ते संरक्षण मिळते. नऊ दिवस! घशाचा स्वॅब घेऊन, मेंढीचे रक्त घातलेल्या बशीत तो रेखून, जंतूभोवती रक्तपेशी विरघळल्याचे स्वच्छ वलय उमटते की नाही हे पाहण्यास एक दिवस लागतो, फार तर दोन. मुलास खोकला आहे, नाक वाहते आहे, आवाज बसला आहे, तर तो बहुतेक विषाणूचा खेळ आहे, तेथे या बशीचीही गरज नाही, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि तापाचे साधे औषध पुरे. घसा दुखणाऱ्या मुलांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याच्या आसपास मुलांच्याच दुखण्याचे कारण हा जिवाणू असतो. म्हणजे वाट पाहण्यास सवड आहे. नाही ती सवय.

येथे माझ्या डॉक्टर मित्रांची कैफियत मांडली पाहिजे, नाहीतर मी त्यांच्यावर अन्याय करीन. ते म्हणतात, तालुक्याच्या गावी दिवसाला ऐंशी रुग्ण पाहावयाचे, रक्ताच्या बश्या तयार करणारी प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि मजुरी बुडवून आलेल्या बापास "परवा या" म्हणणे म्हणजे "येऊ नका" म्हणणेच होय. हे सर्व खरे आहे. पण मग निदान ज्या औषधास जंतू आजही मानतो तेच द्यावे. संशय आला म्हणून द्यावयाचेच तर अमॉक्सिसिलिन द्यावे, ॲझिथ्रोमायसिन ज्यांना पेनिसिलिनची खरोखर ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी ठेवावे. सोय हा एकच गुण ज्या औषधाच्या बाजूने उरतो, त्याची किंमत दुसऱ्याच्या मुलाने द्यावी हे मला पटत नाही.

फिनलंडने याबाबतीत जे केले ते पाहण्यासारखे आहे. तेथे एरिथ्रोमायसिनला दाद न देणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसांचे प्रमाण १९९० च्या सुमारास झपाट्याने वाढू लागल्याचे ध्यानात आले. तेव्हा तेथे कोणास दंड झाला नाही, औषध बंद केले गेले नाही, केवळ श्वसनमार्गाच्या आणि त्वचेच्या विकारांसाठी या कुळातील औषधे कमी द्यावीत अशी देशव्यापी शिफारस झाली, आणि डॉक्टरांनी ती मानली. दर हजार माणसांमागे रोजची सरासरी २.४० मात्रांची होती ती एकाच वर्षात १.३८ वर आली. प्रतिरोधी जंतूंचे प्रमाण १९९२ मध्ये १६.५ टक्के होते ते १९९६ मध्ये ८.६ टक्के झाले. कृपा करून एवढ्यावरून 'फिनलंड कोठे आणि आपण कोठे' हे पद आळवू नये. जंतूंस देशाभिमान नसतो. औषधाचा मारा थांबला की युक्तीचे ओझे वाहणारे वंश मागे पडू शकतात, हा नियम हेलसिंकीस लागू आणि हिंगोलीस लागू नाही असे नाही. आणि एक गोष्ट या आकड्यांत लपलेली आहे: किती घट झाली हे त्यांना सांगता आले, कारण आरंभी किती होते हे त्यांनी मोजून ठेवले होते.

आपल्याकडे नेमके तेच मोजलेले नाही. वेल्लोर, चंडीगड यांसारख्या ठिकाणच्या डॉक्टरांनी शाळकरी मुलांचे घसे तपासून चांगले काम केले आहे, पण आमच्या मराठी मुलखातील पाचवीच्या वर्गात आज किती घसे या जंतूचे बिऱ्हाड आहेत, आणि त्यांतील किती जंतू कोणत्या औषधास दाद देत नाहीत, याचा दरसालचा दाखला कोणत्याही कचेरीत मिळत नाही. वास्तविक त्यासाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरला झाला. त्याची पथके शाळाशाळांतून जातात, दात पाहतात, डोळे पाहतात, आणि संधिवातजन्य हृदयविकारही त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. म्हणजे झडप बिघडली का हे पाहण्याची तजवीज आहे, आणि ती बिघडविणारा जंतू कोणत्या औषधाने मरेल हे पाहण्याची नाही. दर महसूल विभागात मोजक्या शाळा निवडाव्या, काही शहरातील, काही आश्रमशाळा, काही साखरपट्ट्यातील. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने वर्षातून एकदा पालकांच्या संमतीने स्वॅब घ्यावेत, आणि जिल्हावार निष्कर्ष मुलांची नावे वगळून प्रसिद्ध करावेत. साताऱ्याच्या डॉक्टरास साताऱ्यातील जंतू कशाने मरतो हे कळावे, न्यूयॉर्कच्या पाठ्यपुस्तकावरून त्याने अंदाज बांधू नये, एवढाच यातील हेतू आहे.

या योजनेतील धोका मी जाणतो, आणि तो जंतूंकडून नसून आपल्याकडून आहे. निरोगी मुलाच्या घशात जंतू सापडला असे घरी कळविले की त्याच संध्याकाळी ती केळ्याच्या वासाची बाटली घरात येईल, आणि प्रतिरोध मोजण्यासाठी निघालेले पथक प्रतिरोध वाढवून परत येईल. निरोगी बालकांचे घसे पाहिले की वैद्यकास हात चालविल्याशिवाय राहवत नाही याचा एक अविस्मरणीय दाखला न्यूयॉर्कमधला आहे. १९३४ मध्ये तेथील १,००० शाळकरी मुले पाहिली, त्यांपैकी ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ डॉक्टरांपुढे उभी केली, त्यांनी १७४ जणांचे काढावे असे सांगितले. ज्यांचे काढू नये असे ठरले ती २१५ मुले दुसऱ्या डॉक्टरांपुढे नेली, आधीचा निर्णय न सांगता, तर त्यांनी त्यातील ९९ निवडली. जी उरली ती तिसऱ्यांदा दाखविली, आणि तेव्हाही जवळजवळ निम्म्यांना शस्त्रक्रिया सुचविली गेली. शेवटी ज्यांच्या टॉन्सिलवर कोणाचीच वक्रदृष्टी पडली नाही अशी ६५ मुले शिल्लक राहिली, आणि तेथे डॉक्टर संपले. मुलांच्या घशांत दर फेरीस नवा रोग उपजत नव्हता, उपजत होता तो पाहणाऱ्याच्या अपेक्षेत.

म्हणून त्या स्वॅबच्या नळीवर मुलाचे नाव असू नये, शाळेचा आणि इयत्तेचा क्रमांक तेवढा असावा, आणि संमतीपत्रावर ठळक अक्षरांत, कायद्याच्या भाषेत नव्हे, साध्या मराठीत लिहावे की, या तपासणीचा निकाल घरी कळविला जाणार नाही, कारण कळण्यासारखे त्यात आपल्या मुलापुरते काहीच नाही. पालकसभेत यावर कुरबुर होईल. "आमच्या मुलाच्या घशात काय आहे ते आम्हालाच सांगणार नाही?" असे एखादे आजोबा उभे राहून विचारतील, आणि त्यांना उत्तर देण्याची पाळी विज्ञानाच्या बाईंवर येईल. त्या बाईंना लॉफ्लरच्या त्या मुलाची गोष्ट आधी सांगून ठेवावी. आणि पहिली फेरी जुलैऑगस्टमध्ये, वर्गात निम्मी मुले शिंकत असताना, काढू नये. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्यावर, दोनतीन आठवड्यांनी काढावी, तोपर्यंत गावोगावहून परतलेल्या मुलांच्या घशांतली सरमिसळ झालेली असते.